काट्यापुढे श्वास रोखणारे गृहस्थ

खडकीत आमच्या वाण्याच्या दुकानात एक निवृत्त गृहस्थ रोज भेटायचे. तिथल्या दारूगोळा कारखान्यात काडतुसात भरायची दारू नाजूक काट्यावर तोलण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. आता तीच शिस्त त्यांनी मोहरीला लावली होती. आधी पंखा बंद करायला लावायचे, मग काटा सपाट बसलाय ना हे वाकून बघायचे आणि शेवटी बोट वर करून आम्हा गिऱ्हाइकांकडे वळायचे. "श्वास रोखा."

आम्ही मुकाट्याने रोखायचो. न रोखणाऱ्याकडे ते असे बघायचे, की स्फोट झालाच तर जबाबदार तोच.

एकदा वाणी वैतागला. "अहो, मोहरी आहे ही!"

आकडा स्थिर होईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "काट्याला काय माहीत?"

परवा दवाखान्यात माझ्या नातीला काट्यावर ठेवलं होतं. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली पोर. वजन पुरेसं भरलं तरच घरी सोडणार होते, आणि आकडा काही केल्या थांबेना. मी उठलो, पंखा बंद केला आणि बोट वर केलं. "श्वास रोखा."

"अहो आजोबा, बाळ आहे हे!" सिस्टर म्हणाल्या.

"काट्याला काय माहीत?"

सिस्टरनी श्वास रोखला. लेकीनं रोखला, जावयानं रोखला. फरशी पुसणाऱ्या मावशींनीही हात थांबवून रोखला.

आकडा थांबला. वजन भरलं होतं. तरी बराच वेळ कुणी श्वास सोडला नाही. त्या खोलीत एकटी नात तेवढी श्वास घेत होती.