पिंताच्या पोटातलं पाणी

कल्पना करा, तुम्ही शेळीच्या मागे गुडघ्यांवर बसला आहात. दोन्ही हात तिच्या पोटाखाली गुंफायचे, पोट हलकेच वर उचलायचं आणि सोडायचं. आत करडू असेल तर काहीतरी टणक परत येऊन तळहाताला टेकतं. आमच्या वस्तीत मोठ्या बाईंना मानाने दोन्या म्हणतात; दोन्या एर्मेलिंदा हे लहानपणापासून करत आल्या आहेत. पण त्यांच्या पिंता शेळीचं पोट त्यांना कळेना. ते मोठं होतं, आणि हाताला नुसतं हिंदकळत होतं.

जुळी असतील, एकमेकांमागे लपली असतील, असं त्या मला सांगत राहिल्या.

नवरा कामासाठी सीमेपलीकडे उत्तरेला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हापासून कापणी झालेल्या खरबुजांच्या शेतांत दोन्या एकट्याच कळप चारतात. वस्तीत कुणाची शेळी दगावली की अनाथ करडू त्यांच्या दारात येतं. व्यायला आलेल्या शेळीच्या गर्भाचं पाणी त्या परक्या करडाला चोळतात, मग शेळी ते आपलंच समजून चाटते. त्या दिवशीही चुलीजवळ पोत्यात एक करडू पडलं होतं. बाटली तोंडात धरत नव्हतं. पिंता व्याली नाही तर ते जगणार नव्हतं.

मी तोर्रेऑन शहरात जनावरांचं डॉक्टरी शिक्षण घेऊन नुकतीच वस्तीत परतले होते. मला वेगळीच शंका होती, ती मी सांगितली. कधीकधी गाभण नसतानाही अंडाशयातून गर्भ टिकवणारा हार्मोन स्रवत राहतो. शरीर फसतं आणि गर्भाशयात पाणी साठत जातं.

"म्हणजे शेळी खोटं बोलते?"

"नाही दोन्या, तिला स्वतःलाच ते खरं वाटतं."

"माझी नणंदही तशीच. तिच्या थापा आधी तिलाच पटतात."

दुपारी पिंता खुरांनी जमीन उकरू लागली. थोड्या वेळाने बादली उपडी व्हावी तसं पाणी आलं. आम्ही वाट पाहिली. खूर दिसले नाहीत, नाक दिसलं नाही, वारही पडली नाही. मी हातमोजा घालून तपासलं. आत काहीच नव्हतं.

दोन्यांनी कुंपणाच्या कडेपर्यंत जमीन पाहिली, जणू करडू पडून कुठे चालत गेलं असावं. मग पोत्यातलं करडू आणून ओल्या मातीत लोळवलं. मी म्हटलं, याचा उपयोग होणं कठीण आहे. करडू बाहेर येताना वाट ताणली जाते तेव्हा मेंदूत माया जागवणारा हार्मोन वाढतो, इथे ते घडलंच नाही.

"हळू बोल, पोरी. तिला ऐकू जाईल."

पिंताने करडाला हुंगलं, मान वळवली, पुन्हा हुंगलं. मग चाटायला लागली. कासेत दूध बेताचंच होतं, पण होतं. करडाने सड धरला आणि त्याची शेपटी हलू लागली. शिकलेलं सगळं मी मनात उलटसुलट लावून पाहिलं, नीट बसेना.

मला वाटलं, दोन्या आता हसतील. पण त्या पिंताकडे बघत राहिल्या. करडू पीत असतानाच ती ओल्या जमिनीकडे वळून घशातल्या घशात ओरडत होती. शेळी तसं फक्त नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला बोलावते. दोन्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हे तर तिने घेतलं. पोटातही काही नव्हतं म्हणतेस," त्या म्हणाल्या. "मग ही अजून हाक कुणाला मारतेय?"