क्लॅरी नॅनकिव्हेलचा ठराव

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मूंटा गावात क्लॅरी नॅनकिव्हेलला न ओळखणारा माणूस एखादा सापडेल, पण त्याच्या तोंडून कॉम्प्युटरविषयी ऐकून न घेतलेला सापडणार नाही. टपाल कचेरीत जन्म घालवला, निवृत्त झाला, आणि मग उरलेलं आयुष्य त्याने आमच्यावर उधळलं. त्याच्याकडे चौऱ्याऐंशी सालचा होम कॉम्प्युटर होता. कीबोर्ड आणि यंत्र एकाच डब्यात, पडदा म्हणून जुना टीव्ही, आणि प्रोग्रॅम ठेवायला गाण्याच्या कॅसेटी. एखादा प्रोग्रॅम चालू करायचा तर कॅसेट लावून किटली चढवायची, चहा प्यायचा, कप विसळायचे आणि मग येऊन पाहायचं, की पुन्हा पहिल्यापासून लावायला हवी.

हे यंत्र आपल्या देशात बनलेलं, हा त्याचा पहिला गुण. ते बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती, पण क्लॅरीच्या मते तो कंपनीचा दोष, यंत्राचा नव्हे. त्या यंत्रावर त्याने भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढणारा प्रोग्रॅम लिहिला होता. जेटीवर खेकडे धरायला जाणारे सगळे तो कागद खिशात ठेवायचे. उन्हाळ्यात सरकार घड्याळं तासभर पुढे करतं, ते या प्रोग्रॅमला ठाऊक नव्हतं. त्यामुळे अर्धं वर्ष ते वेळापत्रक तासाने चुकायचं. क्लॅरीने प्रोग्रॅम बदलला नाही, सरकारला दोन पत्रं लिहिली.

तर अशा माणसाने ‘होम कॉम्प्युटर मंडळ’ काढलं आणि स्वतः अध्यक्ष झाला यात नवल नाही. महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये आम्ही जमायचो. मी मंडळाची सचिव, आणि मंडळातली एकटीच बाई, म्हणून चहाही माझ्याकडे. सचिवपद हा चहाचाच एक पोटविभाग आहे अशी सगळ्यांची समजूत होती. सुरुवातीला हॉल भरायचा. पंचाण्णव साल उजाडलं तेव्हा आम्ही सहा जण उरलो होतो, आणि बिस्किटं नेहमीच उरायची.

कारण उघड होतं. शेजारच्या कडीना गावातल्या दुकानात मल्टिमीडिया सिस्टीम आली होती. रंगीत पडदा, दोन्ही बाजूंना स्पीकर, आणि एका चकतीत, म्हणजे सीडीत, अख्खा ज्ञानकोश. सिंहाच्या चित्रावर माऊसने टिचकी मारली की सिंह डरकाळी फोडायचा. क्लॅरीने या सिंहाविरुद्ध मोहीमच उघडली. दर बैठकीला पंधरा मिनिटं सिंहावर जायची. ज्याला डरकाळी ऐकायची त्याने ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात जावं, असं तो म्हणायचा. आम्ही माना डोलवायचो.

आता खरं सांगते. माना डोलवणाऱ्या प्रत्येकाने ती सिस्टीम घेतली होती. माझी शिवणाच्या खोलीत होती, चादरीखाली. तीन दिवस मी सिंहाची डरकाळी ऐकली, चौथ्या दिवसापासून पत्ते खेळायला लागले. कीथ रॉडाने, म्हणजे गव्हाच्या कोठारावर मुकादम होता तो, आपली गॅरेजमध्ये खेकड्यांच्या जाळ्यांमागे ठेवली होती. बाकीच्यांचीही अशीच कुठे ना कुठे. क्लॅरी चहाला येणार म्हटलं की गावात सहा महिने न निघालेल्या चादरी कपाटातून निघायच्या. त्याच्याजवळ कबूल करायची मात्र कुणाची छाती नव्हती. मंडळ सोडलं असतं तर सुटलो असतो, पण जुन्या मित्राला पहिला दगा देणारा व्हायला आमच्याकडे कुणी तयार नसतो. दुसरा व्हायला सगळे तयार.

आणि क्लॅरीला दगा द्यायचे ते दिवसही नव्हते. आदल्या वर्षी त्याच्या बायकोला, एव्हिसला, पक्षाघाताचा झटका आला. पाय सुधारला, हात थोडा सुधारला, शब्द मात्र गेले ते गेलेच. तिला सगळं कळायचं, ओठांवर काही यायचं नाही. जी बाई बाजारात भेटली की दूध नासेपर्यंत सोडायची नाही, ती आता खिडकीशी बसून असायची. कुणी विचारलं तर क्लॅरी म्हणायचा, “बरी आहे, हळूहळू.” पुढे विचारायची सोय नव्हती. नॅनकिव्हेल लोकांची रीतच अशी, पडलो तरी नाक वर.

पुढचा भाग आम्हाला फार उशिरा कळला. तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर पुढे मतदान येईल तेव्हा तुम्हीही आमच्यासारखाच हात वर कराल. इस्पितळातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी क्लॅरीला सांगितलं होतं, की अशा रुग्णांसाठी एक अमेरिकन चकती मिळते. पडद्यावर वस्तूचं चित्र येतं, आवाज तिचं नाव सांगतो, रुग्णाने मागोमाग म्हणायचं, हवं तितक्या वेळा. यंत्र कंटाळत नाही. मात्र त्याला मल्टिमीडिया सिस्टीम हवी.

क्लॅरीने आधी काय केलं असेल? आपल्याच यंत्राला बोलायला शिकवायला बसला. अख्खा हिवाळा त्यात घातला. शेवटी ते यंत्र एक शब्द बोललं, ‘हॅलो’, तोही गुळण्या करत असल्यासारखा. एव्हिसने दोन्ही कानांवर हात ठेवले. त्या दिवसापासून तो कडीनाच्या दुकानाकडे फेऱ्या मारू लागला. आत जायचा, बॅटरीचे सेल विकत घ्यायचा, सिस्टीमकडे पाठ करून उभा राहायचा आणि दुकानदार बॅरीला विचारायचा, की मूर्ख लोक हे असलं घेतात तरी कशाला, आणि घेतलंच तर चकती कुठे घालतात. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे किती, त्याच्या घरात सेलांनी एक खण भरला होता. बॅरीने हे कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं, आणि संध्याकाळपर्यंत मूंट्यात सगळ्यांना कळलं.

आम्ही खूश झालो. क्लॅरीने घेतली की आमच्याही चादरी निघतील. पण तोंडाने काही म्हणायची पंचाईत, कारण ‘घे बाबा’ म्हटलं की ‘तुला काय माहीत?’ आलंच. तेव्हा सगळे मूग गिळून बसलो.

मग सप्टेंबरची बैठक आली. क्लॅरी टाय लावून आला होता, त्यावरूनच आम्ही ओळखायला हवं होतं. इतर विषय संपले तेव्हा त्याने उभं राहून एक ठराव वाचला: एखाद्या सभासदाने आपला होम कॉम्प्युटर काढून मल्टिमीडिया सिस्टीम घेतल्यास मंडळाची हरकत नसावी. वाचताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही. आवाज तोच, सिंहावर बोलतानाचा.

प्रत्येकाच्या मनात एकच आलं: दुकानातल्या त्या चौकशा खरेदीसाठी नव्हत्या, आपलाच सुगावा लावायला होत्या; बॅरीने याला आपली नावं सांगितली, आता हा परीक्षा घेतोय. कीथ सर्वांत आधी सावरला. उभा राहून म्हणाला, की त्याच्या घरात असलं यंत्र शिरलं तर ते त्याच्या मढ्यावरून शिरेल. या मढ्यानेच दोन आठवड्यांपूर्वी मला फोन करून विचारलं होतं, की पत्त्यांच्या खेळात राजा रिकाम्या जागी ठेवता येतो का. मीही बोलले. म्हटलं, ज्या यंत्राने इतकी वर्षं साथ दिली त्याला म्हातारपणी बाहेर काढणं आमच्या रक्तात नाही. ते वाक्य मी लगेच इतिवृत्तातही लिहून घेतलं. ठरावाच्या विरोधात पाचही हात वर गेले. अध्यक्ष समसमान मतं पडल्याखेरीज मत देत नाही, आणि क्लॅरी नियम मोडणाऱ्यांतला नव्हता.

“ठराव फेटाळला,” तो म्हणाला, आणि चहा न घेता घरी गेला. केवढं मन भरून आलंय त्याचं, असं आम्ही एकमेकांना म्हणालो.

ऑक्टोबरच्या बैठकीला क्लॅरी आला नाही, त्याचा राजीनामा आला. कारण काही नाही, फक्त अध्यक्ष राहण्यास अपात्र आहे एवढंच. मंडळात हाहाकार उडाला. याच माणसासाठी आपण खोटं बोलून बोलून जीव आटवला आणि हाच सोडून चालला, असा सूर होता. समजूत घालायला कुणी जावं यावर चर्चा झाली आणि पाळी अर्थातच चहावालीवर आली. रिकाम्या हाताने कशी जाणार, म्हणून मी मांस भरलेल्या पॅस्ट्या भाजल्या आणि त्याचं दार ठोठावलं.

क्लॅरीने दार अर्धंच उघडलं. मी उरलेलं अर्धं उघडून आत गेले. बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात एक चादर होती, आणि चादरीखाली जो आकार होता तो मला पाठ होता. वरचा चौकोन, दोन्ही बाजूंना दोन उंचवटे.

मी काही बोलायच्या आत तोच बोलू लागला. त्याने थेरपिस्ट बाईंचं सांगितलं, चकतीचं सांगितलं. ठराव फेटाळल्यावर तो गप्प बसला होता, कारण बहुमत म्हणजे बहुमत. मग एका दुपारी एव्हिसला काहीतरी हवं होतं. ती बोट दाखवत होती, आणि तो एकेक वस्तू आणून तिच्यापुढे ठेवत होता. चष्मा आणला, शाल आणली, पाणी आणलं, मांजर आणून ठेवलं. शेवटी तिने टेबलावर डोकं टेकलं आणि रडली.

“तिला खिडकी लावून हवी होती, डॉट,” तो म्हणाला. “वारा येत होता, बस. एवढंच सांगायचं होतं तिला. दुसऱ्या दिवशी मी बॅरीकडे गेलो.”

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं, पण मूंट्याची जमीन खाणी खणून आधीच पोकळ, तिला माझी हौस नाही. म्हणून सरळ सांगून टाकलं. माझ्या घरी चादरीखाली आहे, कीथच्या जाळ्यांमागे आहे, आणि मंडळात ज्याच्याकडे नव्हती असा तूच काय तो एकटा.

त्याने विचारलं, “मग हात कशाला वर केलेत?”

“तुला वाईट वाटू नये म्हणून.”

“आणि मी तो ठराव कुणासाठी वाचला असं वाटलं तुम्हाला?”

मी स्वयंपाकघरात जाऊन ताटल्या काढल्या, कारण लाज वाटली की मी ताटल्या काढते.

तेवढ्यात एव्हिस काठी टेकत आतून आली आणि टेबलाशी बसली. मी तिच्यापुढे पॅस्टी ठेवली. मोठ्या करंजीसारखी, कडेला मुरड घातलेली, आत मांस, बटाटा, कांदा आणि सलगम. तिच्या हातच्या पॅस्ट्या गावात एक नंबरच्या होत्या, हे मी तिच्या तोंडावर कधी कबूल केलं नसतं. आमचे पणजोबा कॉर्नवॉलहून तांब्याच्या खाणीत आले ते हीच शिदोरी घेऊन, तेव्हा या गावात देवाविषयी वाद चालतो, पॅस्टीविषयी नाही. एका जत्रेत कुणा पाहुण्याने पॅस्टीत गाजर असतं का असं विचारलं, तर स्टॉलवर बसलेल्या क्लॅरीने त्याचे पैसे परत करून त्याला रांगेबाहेर काढलं होतं.

एव्हिसने पॅस्टीकडे नीट पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“हॅम्बर्गर,” ती म्हणाली.

स्वच्छ, खणखणीत. वर त्या अमेरिकन निवेदकाचा सूर, जसा चकतीत असेल तसाच. वर्षाहून जास्त काळ त्या घरात तिचा आवाज नव्हता. मी क्लॅरीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. आता हा उठेल, चूक दुरुस्त करेल, पॅस्टीचा इतिहास सांगेल, अशी मला खात्री होती.

“हो गं,” क्लॅरी म्हणाला. “हॅम्बर्गरच. काय म्हणालीस? परत सांग.”

तिने परत सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. तो समोर बसून तिच्याकडून ते म्हणवून घेत राहिला, आणि पॅस्टी तिथेच गार होत गेली.