कुलपाआड लोटूभाऊ

लोटूभाऊ घरात आणि दाराला बाहेरून कुलूप, हे आमच्या उधन्याच्या सोसायटीत कुणाला नवीन नव्हतं. लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्यात, रात्रपाळी करून माणूस सकाळी आडवा झाला की शेठचा माणूस डबल पाळीसाठी दार बडवायला हजर. म्हणून त्यांच्या बायकोनं, प्रमिलाबाईंनी, युक्ती काढली होती. बाहेर पडताना कुलूप ठोकायचं. ते बघून तो माणूस शिव्या देत परत जायचा आणि लोटूभाऊ आत घोरत पडायचे.

पुढे लूमच्या खडखडाटानं त्यांचे दोन्ही कान खाल्ले. काम सुटलं, कुलूप काही सुटलं नाही.

"बहिरा माणूस शे ताई, कोनीबी घरात घुसी जाई," प्रमिलाबाई म्हणायच्या.

"अहो, पण आग लागली तर?"

"तुम्ही ना उज्ज्वलाताई, भलतंच बोलता."

भलतं बोलण्यासाठीच मी बी.ए. केलं असावं.

वादळ आलं त्या दिवशी सकाळी त्यांच्या जावयाचा बारडोलीहून फोन आला. लेकीला, नूतनला, कळा सुरू झाल्या होत्या, पहिलंच बाळंतपण. घरात दोघांत मिळून एकच फोन, तो पिशवीत टाकून प्रमिलाबाईंनी बस गाठली. संध्याकाळी परत येते असं लोटूभाऊंना म्हणाल्या आणि हाताच्या सवयीनं कुलूप लावून गेल्या.

दुपारी वारा सुटला. पत्रे उडाले, नाक्यावरचा विजेचा खांब आडवा झाला, लाइट गेली, पाठोपाठ फोनही मुके झाले. दुसऱ्या दिवशीही तेच. पंप बंद, टाक्या कोरड्या, सगळी सोसायटी बादल्या घेऊन टँकरमागे. तळमजल्यावरचं कुलूप येता-जाता सगळ्यांना दिसत होतं. पहिलं नातवंड म्हणजे दोघंही गेले असणार, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं. मीसुद्धा.

मागच्या बोळातलं गटार तुंबलं म्हणून मी तिकडे गेले, नाहीतर कळलंच नसतं. तिकडे एरवी कुणी फिरकत नाही. खिडकीच्या जाळीतून एक हात बाहेर आलेला, हातात पालथा स्टीलचा पेला. आत लोटूभाऊ. ओरडून ओरडून घसा बसलेला.

मी धावत जाऊन बाटलीभर पाणी आणलं. ते घटाघटा प्यायले आणि पहिला प्रश्न विचारला, "ती कोठे शे?"

लोटूभाऊ ओठ वाचतात. खात्यात सगळेच वाचतात, तिथे कुणाला कुणाचं ऐकूच येत नाही. मी तोंड मोठं करून म्हटलं, "माहीत नाही. फोन लागत नाही."

तिसऱ्या मजल्यावरचा वाल्मिक अजून लूमवर कामाला आहे. त्याला हातोडा घेऊन बोलावलं. पुढच्या दारावर पहिला ठोका पडला तसा लोटूभाऊंना आत दार हादरलेलं जाणवलं असणार. ते मागच्या खिडकीशी जाऊन जाळी गदागदा हलवायला लागले, तसे आम्ही दोघं बोळात धावलो.

"तोडू नका! ती येई आनि कुलूप तुटेल देखी, तर तिले वाटी मीच मरी गऊ!"

"आणि तोवर आत काय उकडून मरणार आहात?" मी फटकारलं. "पंखा नाही, पाणी नाही, डब्यात शिळी भाकरी!"

त्यांनी मान फिरवली. माझे ओठ बघायचेच नाहीत म्हटल्यावर मी काय कपाळ बडवणार? मग वाल्मिककडे बघून त्यांनी दोन्ही हातांच्या चिमटी एकमेकींना टेकवल्या आणि झटकन दूर केल्या. वाल्मिकनं हातोडा खाली ठेवला.

"काय म्हणाले?"

"लूमवर सुताचा तार तुटला की असं करतो आम्ही." तो घुटमळला. "काकूंचं वादळात काही बरंवाईट झालं का, ते विचारतात."

बस निघाली तेव्हा वारा नव्हता, वाटेत काय झालं देव जाणे. मोठ्या इस्पितळाजवळ जनरेटर चालू होता, तिथे फोन लागतो असं टँकरवर कुणीतरी म्हणत होतं. मी वाल्मिकला तिकडे पिटाळलं आणि खिडकीशी स्टूल टाकून बसले. लोटूभाऊ आतल्या आत भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या घालत होते. दर फेरीला जाळीशी येऊन माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवायचे. पुन्हा फेरी. बघून बघून माझाच जीव कोंडला.

दिवेलागणीची वेळ झाली आणि दिवा कुठेच लागला नाही. अंधारात ओठ दिसेनात, तसे ते घाबरले. "ताई! ताई!" म्हणून हाका मारायला लागले. मी इथेच आहे हे सांगायचं कसं? बॅटरी काढली आणि स्वतःच्याच तोंडावर मारली. तेव्हा गप्प झाले. एवढं टक लावून माझ्या तोंडाकडे माझ्या नवऱ्यानंही कधी बघितलं नव्हतं.

वाल्मिक धापा टाकत आला.

"लागला फोन! काकू ठीक आहेत, बस वेळेवर पोचली होती. झाडं पडून रस्ता बंद आहे. नूतनला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. आणि काकू म्हणाल्या, तोडा ते मेलं कुलूप."

बॅटरी पिवळी पडत चालली होती. मी ती तोंडाशी धरून जमेल तेवढं सांगितलं, "प्रमिलाबाई बऱ्या आहेत. बारडोलीत आहेत. कुलूप तोडा म्हणाल्या." आणि विश्वास बसावा म्हणून चिमटी जुळवून हवेत गाठ मारून दाखवली. खात्यात तसं करतात की नाही, कुणास ठाऊक. लोटूभाऊंनी जाळी सोडली आणि ते पुढच्या दाराशी जाऊन बसले.

वाल्मिकनं कुलूप तोडलं. दार सताड उघडं झालं, पण लोटूभाऊ उंबऱ्याबाहेर येईनात. बाहेर तरी काय होतं? गल्लीभर काळोख. त्यांना ना दिसणार, ना ऐकू येणार. आतलं काय, बाहेरचं काय, सारखंच. मीच आत जाऊन शेजारी बसले.

"आंडोर का आंडेर?" त्यांनी विचारलं. मुलगा की मुलगी.

मी तोंड उघडलं आणि बॅटरी विझली.

"आंडोर का आंडेर? ताई? बोला ना!"

बोलून काय उपयोग? मी त्यांचा हात ओढला, माझ्या हातातली बांगडी काढली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, गोल फिरवून पुन्हा चाचपली.

"आंडेर," ते बसलेल्या घशानं म्हणाले.

मी त्यांच्या मनगटावर थोपटलं, हो म्हणून. त्यांनी बांगडी मुठीत घट्ट धरली आणि उजाडेपर्यंत काही मला परत दिली नाही.