तीनदांनी केलेली साफसफाई

आमच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात संगणक सांभाळणाऱ्यांना आम्ही पाठीमागे ‘तीनदा’ म्हणायचो. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघणार. आणि जुनं झाडल्याशिवाय नवं काही वापरायला घेणार नाहीत.

आमचे प्रोग्राम सर्व्हरवर वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालतात, एकेकाचा डबा वेगळा. ते सगळे काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून हाताळायचं एक नवं साधन त्या सोमवारी बसवायचं होतं. तीनदांनी खबरदारी म्हणून आधी ध्वनिमुद्रणाचा कंटेनर बंद केला. साधन बसवलं. मग सवयीप्रमाणे झाडू काढला, म्हणजे सफाईची कमांड दिली: वापरात नसलेलं सगळं काढून टाक. पडद्याने विचारलं, नक्की? त्यांनी ‘हो’ दाबलं.

यंत्राला कुठली अक्कल! बंद ठेवलेला डबा त्याच्या लेखी कचराच. तो गेला, आणि त्यात साठवलेली ध्वनिमुद्रणंही गेली.

ते माझ्या खोलीच्या दारात आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, कायद्याचं पुस्तक गेलं."

एका अंध मुलीच्या परीक्षेसाठी ते पुस्तक मी वाचून ध्वनिमुद्रित केलं होतं. एकेचाळीस तास, घसा बसेपर्यंत! परीक्षा अकरा दिवसांवर आलेली.

"दुसरी प्रत असेल ना?"

"प्रत महिनाअखेरीला काढतो. तुम्ही याच महिन्यात सुरू केलं होतं."

मग मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. माणूस मान खाली घालून सगळं ऐकून घेत होता, त्यामुळे मला आणखीच चीड आली.

"मुलीला मीच सांगतो," ते म्हणाले आणि माझ्यासमोर स्पीकर लावून त्यांनी फोन केला. "बाळ, तुझं पुस्तक माझ्या हातून पुसलं गेलं. चूक माझी आहे. यंत्राची नाही, ताईंची नाही."

मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार.

"काका, माझं निम्मं ऐकून झालंय," ती म्हणाली. "उरलेलं आत्ता फोनवर वाचाल?"

या माणसाने जन्मात कुणाला काही वाचून दाखवलं नसेल. मी पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलं. दुसऱ्याच ओळीला त्यांचा आवाज भरून आला, चष्मा ओला झाला.

"काका," मुलगी म्हणाली, "रडू नका ना. कलम नीट ऐकू येत नाही."