चौथ्या गिअरात टाकून क्लच सोडा

सीटवर वर्कशॉपचं प्लास्टिक आधीच चढवलेलं होतं. रावांनी त्या प्लास्टिकवर वर्तमानपत्र अंथरलं. दोन पानं बसायला, दोन पाठीला. कोपरे नीट दाबले. मग मला म्हणाले, "बैस."

दहा मिनिटांपूर्वी मी 'तुम्ही' होतो.

त्या दहा मिनिटांत काय झालं ते सांगतो. ऐकण्यासारखं आहे.

मी बीडकडचा. आयटीआय केलं आणि श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात कंत्राटी म्हणून आलो. पुढे चेन्नईत या वर्कशॉपात मेकॅनिक झालो. अठरा वर्षं झाली. या शहरावर माझा जीव जडला तो एका कारणानं. इथे आडनाव लावत नाहीत. बापाच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे, आपलं नाव मागे, संपलं. इथे जात नाही असं समजू नका, भरपूर आहे. पण माझ्या त्या एका अक्षरावरून तमिळ माणसाला काही कळायचं नाही. मी त्या अक्षराआड मजेत बसलो होतो. लपलो होतो म्हणा. आता खरं सांगायला बसलोच आहे.

राव आमचे जुने गिऱ्हाईक. तंजावरकडचे मराठी, सत्तरीचे, टी. नगरात घर. घरात तीन गाड्या, तिन्ही आमच्याकडे यायच्या. मला कधी त्यांच्यासमोर जायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी मी फोनवर बायकोशी बोलत होतो आणि ते मागून आले.

"अहो, मराठी बोलतांत तुम्ही?"

त्यांच्या मराठीला तमिळ चाल होती, सूर शेवटी वर जायचा. मी हरखलो. वेड्यासारखा हरखलो. परक्या गावात आपली भाषा कानावर पडली की माणूस किती बावळट होतो ते माझ्याकडून शिकावं.

"कोण गांवचें?"

"बीडकडचा, सर."

"घरचें नांव काय?"

अठरा वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं. मी सांगून टाकलं. त्यांना त्यातून काही उमगलं नाही. त्यांच्या घराण्यानं महाराष्ट्र सोडून कितीतरी पिढ्या झालेल्या. तिकडची आडनावं विसरलेले, गावं विसरलेले, भाषा अर्धी विसरलेले. पुढचा प्रश्न मात्र तोंडपाठ.

"घर गांवांत कोण्या बाजूस?"

"गावाबाहेर," मी म्हणालो.

"सरी," ते म्हणाले. तमिळमध्ये 'बरं.' आणि डिकी उघडून वर्तमानपत्र काढलं.

मी बसलो. हे लक्षात ठेवा, मी बसलो. कागद अंगाखाली चुरचुरला आणि मी गाडी सुरू केली.

राव मागच्या सीटवर. तक्रार अशी, की गाडी ओढत नाही. फ्लायओव्हरच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनचा आवाज बोंबलत वर गेला, गाडी आपली हत्तीच्या चालीनं. वास आला. जळक्या क्लचचा वास एकदा नाकात गेला की जन्मभर ओळखता येतो. पेडलचं रबर पाहिलं. ब्रेकचं रबर नव्यासारखं, क्लचचं घासून गुळगुळीत. म्हणजे गाडी चालवताना डावा पाय कायम क्लचवर ठेवलेला. चढावर गाडी हँडब्रेकवर न धरता अर्ध्या क्लचवर धरलेली. अशानं प्लेट घसरत राहते, तापते, झिजते.

परत आलो. चावी द्यायला हात पुढे केला. "बॉनेटवर ठेव," राव म्हणाले. ठेवली. त्यांनी आपल्या ड्रायव्हरला बोलावलं. ड्रायव्हरनं स्टिअरिंग पुसलं, गिअरची मूठ पुसली, दाराची कडी पुसली. कागदाच्या घड्या करून कचऱ्यात टाकल्या. मी शेजारी उभा. मी काय करत होतो? हसत होतो. आमच्याकडे गिऱ्हाइकासमोर हसायचं शिकवतात.

"क्लच संपलाय, सर," मी म्हणालो. "गाडी कोण चालवतं?"

"मीच. ड्रायव्हर कधींतरी. कां?"

"तुमचा डावा पाय क्लचवर राहतो. म्हणून जळला."

एवढंच. आवाजात साखर होती. पण राव असे लाल झाले, की मी त्यांच्या देवघरात शिरलो असं वाटावं. ते तरातरा मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये गेले. पाच मिनिटांनी मॅनेजर कार्तिक जॉबकार्ड घेऊन बाहेर आला. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा पोरगा, तसा गोड.

कार्डावर लिहिलं होतं: टेस्ट ड्राइव्हमध्ये टेक्निशियनच्या चुकीमुळे क्लच जळला.

"अण्णा, कोंजम अड्जस्ट पण्णुंग," कार्तिक म्हणाला. जरा सांभाळून घ्या. "एक सही. वॉर्निंग लेटर येईल, फाइलला लागेल, विसरून जाऊ."

"मी गाडी तीन किलोमीटर चालवली."

"माहीत आहे."

"तीन किलोमीटरमध्ये क्लच जळतो?"

"अण्णा, मला नका शिकवू. सही करा."

पेन माझ्या हातात होतं. टोक कागदाला टेकलं होतं. अठरा वर्षांत अशा दोन सह्या मी केल्या आहेत, दुसऱ्यांच्या चुकांवर. सवय असते. हात आपोआप वळतो.

मी पेन उचललं आणि म्हणालो, "सही करतो. आधी रावसाहेबांनी एक काम करावं."

नाटकाची मला हौस आहे, आणि एवढे प्रेक्षक रोज मिळत नाहीत. वेटिंग रूमच्या काचेआडचे गिऱ्हाईक उठून बाहेर आले होते. मी रावांना त्यांच्याच सीटवर बसवलं.

"हँडब्रेक पूर्ण ओढा. चौथ्या गिअरात टाका. आता क्लच हळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडेल."

त्यांनी सोडला. पूर्ण सोडला. इंजिन गुरगुरत राहिलं. गाडी जागची हलली नाही. बॉनेटमधून वास वर आला आणि पुढे उभ्या असलेल्या बाईनं नाकाला पदर लावला. शेजारी आमची डेमो गाडी होती. तिच्यात मी तेच केलं. एक हिसका, इंजिन ठप्प.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. राव उतरले. शांत. माझ्या अगदी जवळ आले. त्या दिवशी पहिल्यांदाच एवढे जवळ. आणि तोंडावर हसू ठेवून, मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं बोलले.

"तुझ्या जातीनें आम्हांस पाय कोठें ठेवायचा हें सांगावयाचें नाहीं. तुमचे हात तिकडे शेण उचलायचे. इकडे येऊन स्टिअरिंगला लागले, तेवढें पुष्कळ समज."

कार्तिकला वाटलं म्हातारा समजूत काढतोय. तोही हसला.

मी मागे फिरलो. सगळ्यांकडे तोंड केलं आणि मोठ्यानं तमिळमध्ये म्हणालो, "रावसाहेब काय म्हणाले ते सांगतो." आणि सांगितलं. शब्दाला शब्द. शेण सांगितलं, हात सांगितले. जात सांगितली, नाव घेऊन. तिथे कोणालाच माहीत नव्हती. वर्तमानपत्र कशासाठी होतं तेही सांगितलं. राव "पोय, पोय" म्हणत राहिले, खोटं, खोटं. मी त्यांना मराठीत विचारलं, "कुठला शब्द चुकला? सांगा, दुरुस्त करतो."

मग मी जॉबकार्ड बॉनेटवर ठेवलं. कार्तिकची ओळ खोडली. खाली लिहिलं: क्लच स्लिप, डावा पाय पेडलवर ठेवण्याच्या सवयीमुळे. सही केली. नुसतं अक्षर नाही, पूर्ण आडनाव.

आता तुम्हाला वाटत असेल, लोक माझ्या बाजूनं उभे राहिले. छे. पदरवाली बाई काचेआड जाऊन बसली. कार्तिक म्हणाला, "हे तुमचं पर्सनल मॅटर, इथे नको." ते कार्ड फाडलं गेलं, दुसरं लिहिलं गेलं, माझ्या सहीशिवाय. रावांना नवा क्लच फुकट मिळाला. माझ्या शेजारच्या जागेवर अकरा वर्षं काम करणारा मुरुगन माझ्या डब्यातली चटणी हक्कानं खायचा. त्या दुपारी त्यानं डबा बाहेर नेऊन खाल्ला. दुसऱ्या दिवशीही. मला इंजिनवरून काढून गाड्या धुण्यावर टाकलं. अजून तिथेच आहे. राव आले की पाण्याचा पाइप माझ्याच हातात असतो. गाडी मी धुतो, चाकांच्या आतून सुद्धा.

कार्तिक महिन्यातून एकदा विचारतो, माफीचं पत्र देता का, परत इंजिनवर घेतो. मी नाही म्हणतो. बायको म्हणते, निदान गप्प तरी राहा. तेही नाही. यापुढे माझ्या कानात जो कोणी जे काही कुजबुजेल, ते मी भर वर्कशॉपात बोलून दाखवणार. समोर उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाला कळेल अशा भाषेत, आणि बोलणाऱ्याकडे बोट दाखवून.