ब्रदरचं 'खाइरे'

आमच्या मरोळच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणारे ब्रदर भेटले की म्हणायचे 'खाइरे', आणि निघतानाही म्हणायचे 'खाइरे'. मधे तासभर गप्पा झालेल्या असोत की जिन्यात नुसती नजरानजर, सुरुवात आणि शेवट हाच. समोर दोघं-तिघं असली तर 'खाइरेते'. आम्हाला तो मान वाटायचा, पण ते लगेच सुधारायचे, "हे आदरार्थी नाही हां, ग्रीकमधलं अनेकवचन आहे. ग्रीक माणूस राजालाही अरेतुरे करायचा, आपल्या मुंबईसारखंच."

ब्रदर मूळचे मरोळ गावठाणातले, घरात मराठी बोलणारे ख्रिश्चन. तरुणपणी फादर व्हायला सेमिनरीत गेले आणि होता होता परत आले. मग जवळच्याच शाळेत इतिहास शिकवला, लग्न केलं नाही. लोकांनी 'ब्रदर' म्हणणं काही सोडलं नाही. का परत आलात, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "देवाशी भांडण नव्हतं रे. पण तिथून दोनच गोष्टी अंगाला चिकटल्या. पहाटे उठायची खोड आणि ग्रीक. दोन्हीचा बिल्डिंगला काडीचा उपयोग नाही."

माझी आई मालवणकडची. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्या दिवशी जिन्यात ब्रदरनी तिला 'खाइरे' केलं. तिला ऐकू आलं 'खा रे'. हातातली पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "बाईमाणसाला 'खा रे' काय म्हणता? 'खा गं' म्हणा." ब्रदर खोकला येईपर्यंत हसले. पण एकट्या माणसाच्या तोंडी सारखं खाण्याचं नाव येतंय म्हणजे पोटाचे हाल असणार, असं आईने ठरवून टाकलं, आणि तेव्हापासून बांगड्याचं तिकलं असो की काळ्या वाटाण्याची आमटी, एक वाटी तळमजल्यावर जायला लागली. बाबा तर ब्रदर दिसले की लांबूनच ओरडायचे, "खातो, खातो!" शब्दाचा खरा अर्थ काय, हे आम्ही कोणी कधी विचारलंच नाही. तो ब्रदरचा आवाज होता, बस.

निरोप देण्याच्या बाबतीत ब्रदर फार काटेकोर होते. आलेल्या माणसाला दारातून वाटेला लावणं त्यांना पटायचं नाही. चप्पल घालून ते फाटकापर्यंत यायचेच. नोकरीसाठी मी पुण्याला निघाले तेव्हा माझी जड बॅग स्वतः ओढत आणली. "ब्रदर, राहू दे ना, मी शनिवारी परत येतेय," मी म्हणाले. "ये ना बाय. पण आज तर जातेयस," ते म्हणाले, आणि रिक्षा वळेपर्यंत उभे राहिले.

बाबा गेले ते अचानक. साकीनाक्याच्या कारखान्यात दुपारचा डबा खाऊन उठले आणि तिथेच कोसळले. संध्याकाळी त्यांना घरी आणलं, खाली अंगणात ठेवलं. सगळी तयारी झाल्यावर ब्रदर पुढे आले. बाबांच्या पायाशी उभे राहिले, किंचित वाकले आणि हळू पण स्पष्ट म्हणाले, "खाइरे." आई जवळच होती. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ब्रदर नेहमीसारखे फाटकापर्यंत आले, आणि मग पुढे थेट स्मशानापर्यंत.

तेराव्यानंतर ते भेटायला आले. पाणी दिलं, इकडचं तिकडचं झालं. मग आईने विचारलं, "ब्रदर, त्या दिवशी ह्यांच्या पायाशी तुम्ही ते म्हणालात. त्याचा अर्थ काय हो?"

ब्रदरनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "आनंदात राहा," ते म्हणाले.

"काय?"

"आनंदात राहा. वहिनी, जुने ग्रीक लोक थडग्यावर नावाखाली हाच शब्द..."

"माझं घर रिकामं झालं ब्रदर," आई म्हणाली. "आणि तुम्ही त्यांना सांगितलंत आनंदात राहा? माझ्यासमोर?" ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. ब्रदरनी पेला बाजूला सरकवला. मग उठले. 'खाइरे' न म्हणता गेलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर तो शब्द बिल्डिंगमधून गेला. ब्रदर आता सगळ्यांसारखं 'अच्छा' म्हणायचे. पोरं मुद्दाम 'खाइरे ब्रदर!' म्हणून हाक मारायची, तेव्हा नुसता हात वर करायचे. आई भाजीला निघाल्याचं जिन्यातून कळलं की आपलं दार लोटून घ्यायचे.

एकदा फाटकाशी मी त्यांना गाठलंच. "ब्रदर, आईचं मनावर नका घेऊ."

"त्यांचं काहीच चुकलं नाही," ते म्हणाले. "मी चुकलो. शब्द बरोबर होता, माझ्या मते तर फार बरोबर. जिवंत माणसाने थडग्याच्या दगडासमोर उभं राहून म्हणायचा, आणि काही दगडांवर गेलेल्याचं उत्तरही कोरलेलं असतं. 'तूही', एवढंच. केवढी माया आहे त्यात! पण मी घरी येऊन स्वतःला विचारतो, तो मी तुझ्या बाबांसाठी म्हणालो, की मला येतो म्हणून म्हणालो? अजून उत्तर सापडलेलं नाही. एका बाईच्या रडण्यात मी आपलं ग्रीक आणलं, बाय."

हे सगळं मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ताट खाली ठेवून म्हणाली, "मी फार बोलले का गं?"

"मग जाऊन सांग ना त्यांना."

"जाईन."

ती गेली नाही. वाटी मात्र पुन्हा सुरू केली, माझ्या हातून. ब्रदर ती घासून परत द्यायचे. "वहिनींना सांग, झकास झालं होतं." मी वर येऊन सांगायचे. आई "बरं" म्हणायची. मधे मोजून दोन जिने होते, आणि दोघंही मलाच वरखाली करायला लावत होते. पुण्याहून मी आले नाही त्या आठवड्यात वाटीही जायची नाही.

त्या थंडीत ब्रदरना न्युमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये भेटायला जायचं म्हणून आईने साडीही काढून ठेवली होती. सकाळी वसईहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. ब्रदर गेले होते.

दफनाला आम्ही दोघी गेलो. फादरची प्रार्थना झाली, पेटी खाली उतरली, सगळ्यांनी माती टाकली. आईनेही टाकली. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटेल असं मला वाटलं होतं, पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. गर्दी पांगल्यावर ब्रदरची बहीण आमच्याकडे आली. रडून रडून डोळे सुजलेले. तिने आईचे दोन्ही हात धरले.

"वरच्या वहिनी तुम्हीच ना? तुमच्याबद्दल फार बोलायचा तो." मग म्हणाली, "फोन ठेवताना तो एक शब्द म्हणायचा बघा. इतकी वर्षं ऐकला, पण अर्थ कधी विचारला नाही. अलीकडे म्हणायचाच बंद झाला होता. काय होता हो अर्थ?"

आईने तिच्याकडे पाहिलं, उघड्या खड्ड्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते.

"सुखरूप जा," आई म्हणाली. "असंच काहीतरी. आपण म्हणतो ना, सांभाळून जा, तसं."

बहिणीने मान डोलावली, डोळे पुसले. "चांगला शब्द होता," ती म्हणाली.

रिक्षात बसल्यावर आईने पदराने हाताची माती पुसली. मग म्हणाली, "मी खोटं सांगितलं."

"अगं, तिला बरं वाटलं ना."

"खरा अर्थ नाही आला तोंडातून, तिचा चेहरा बघून." मरोळ नाका गेला. "मी विचारलं तेव्हा त्यांनाही असंच सांगता आलं असतं. माझा चेहराही असाच असणार. तरी ते खरं बोलले, आणि मी त्यांचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही."

बिल्डिंगशी उतरलो. ब्रदरच्या दाराला कुलूप होतं, कडीत दुधाची पिशवी तशीच लटकलेली. दूधवाल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आईने ती काढून घेतली आणि पिशवी हातात धरून त्या दारासमोर उभी राहिली. मी वर जाऊन कुलूप उघडलं, दिवा लावला, चहाचं आधण ठेवलं. तरी ती खालीच होती.