रिकामा डबा

शेजारच्या दाराबाहेर माझा स्टीलचा डबा धुऊन ठेवलेला होता. उघडला तर तळाशी चमचाभर साखर. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत. पण शेजारच्या सायलीची सहा वर्षांची मुलगी मुक्ता कॅन्सरच्या उपचारांसाठी दवाखान्यात आहे. मजल्यावरच्या आम्ही चौघी पाळीपाळीने त्यांना जेवण देतो, आणि सायली तिथून दमूनभागून आली तरी प्रत्येक डब्यात आठवणीने साखर घालते. मला रागच आला. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "रिकामा कसा देऊ, काकू?"

घरातल्या घरात भांडी रिकामीच फिरतात. साखर घालतात ती दुसऱ्याच्या भांड्यात. म्हणजे इतके महिने झाले तरी आम्ही तिच्यासाठी परक्याच होतो.

"मुक्ता बरी होऊन घरी आली की शिरा भरून दे," मी बजावलं. "तोवर साखर घालायची नाही. आमचे डबे काही थांबणार नाहीत."

आज सकाळी पुन्हा डबा दिसला. उघडून पाहिला. स्वच्छ, कोरडा, रिकामा. बरं वाटलं. संध्याकाळच्या खिचडीला तो लागणारच होता.